बर्फ पडणार असेल तर खण आतच ठेवा

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. दोन खोल्यांत नऊ माणसं वाढलो. तरी म्हातारपणी मला जागेचा हव्यास सुटला, त्याची ही हकीकत.

गेल्या डिसेंबरात मुलाने फिनिक्सहून आर.व्ही. भाड्याने घेतली. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, पलंग, संडास सगळं आत. मुक्कामी बटण दाबलं की एक बाजू टेबलाच्या खणासारखी दोन-तीन फूट बाहेर सरकते, खोली मोठी होते. याला स्लाइड-आउट म्हणतात.

मुक्काम ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर. ॲरिझोना म्हणजे वाळवंट असंच माझ्या डोक्यात, पण तो काठ सुमारे 2,100 मीटर उंच! संध्याकाळी आभाळ भरून आलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आज खण आतच राहू द्या." मीच अडून बसलो, "अरे, पाय तरी पसरू दे!"

रात्रीत वीतभर बर्फ पडला. आतल्या हीटरच्या उबेने खणाच्या छतावरचा थर खालून वितळला, पाणी कडेच्या रबरी पट्टीत उतरलं आणि पहाटे तिथेच गोठलं. सकाळी घाईत बटण दाबलं. मोटर कण्हली, खण जरा हलला आणि रबर टर्रकन फाटलं. छतावरचा बर्फ थेट नातीच्या गादीवर. अनामत रक्कम गेली ती वेगळीच. मुलगा एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मग सगळं समजावलं. आधी लांब दांड्याच्या मऊ झाडूने छत साफ करायचं. गोठलेल्या कडांना हेअर ड्रायरची ऊब द्यायची. गरम पाणी ओतायचं नाही, तेच पुन्हा गोठतं. थंडीत बॅटरी मंदावते, म्हणून बाहेरची वीज जोडून मगच बटण दाबायचं. मोटर अडली की तिथेच थांबायचं.

काहीजण म्हणतील, खणावर कापडी छत लावलं की झालं. पण त्या कापडातही बर्फ साचतो आणि ते झोळीसारखं लोंबतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बर्फाचा अंदाज असेल त्या रात्री खण उघडूच नये. ऊबही कमी वाया जाते. गाडी घेतानाच बघा, खण आत असताना पलंग-संडासापर्यंत जाता येतं की नाही. आम्हाला बटण कसं दाबायचं ते दाखवलं होतं, कधी दाबायचं नाही ते कुणी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही.

रामबागेत पाहुणे आले तरी भिंत कुणी सरकवली नाही. माणसंच थोडी सरकून घ्यायची.