'निर्भीक' कोणासाठी?

सुरक्षितता हीही आता विकत घेण्याची वस्तू ठरली आहे! दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने स्त्रीच्या पर्समध्ये मावणारे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढले. वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत १ लाख २२ हजारांवर! कर्जत-खालापूरमधून वीटभट्टीवर राबायला जाणाऱ्या कातकरी स्त्रीने ही रक्कम कोठून आणावी? परवान्यासाठी अलिबागच्या कचेरीत किती खेटे घालावेत? तिला हवा आहे वाडीच्या वाटेवर दिवा, तक्रार नोंदवून घेणारे पोलीस ठाणे आणि मजुरीची हमी. हे कर्तव्य टाळून शस्त्रे विकणारे शासन धनिकाला हत्यार आणि श्रमिकाला भय वाटून देते. निर्भयता संघटनेतून येते. वाडीवाडीवर ती संघटना उभारणे हेच कार्यकर्त्यांचे काम आहे.