शाळेच्या छपराचा जाब कुणाला विचारायचा?

पावसाची झड लागली की गावाकडची माणसे आधी घराचे धाबे पाहतात, मग गोठा. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, अशा दिवसांत आणखी एका छपराकडे पाहायची सवय लागायला हवी होती. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर तालुक्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत भर पावसात, वर्ग चालू असताना कोसळले. तीन मुले दगावली, अनेक जखमी झाली. सकाळी डबा देऊन शाळेत धाडलेली ही लेकरे होती. त्यांचा दोष एवढाच, की ती रोज नेमाने शाळेत जात होती.

असे काही घडले की आपण ‘दोषी कोण?’ असे विचारतो. चार दिवस वर्तमानपत्रांतून मथळे येतात, पुढारी भेटी देतात, पाहणीचे आदेश निघतात. मला मात्र दुसराच प्रश्न छळत राहिला. छत पडण्याआधी जाब विचारायचा होता, तर तो कुणाला विचारता आला असता? म्हणून मी शिक्षण हक्काचा कायदा पुन्हा काढून वाचला.

हा कायदा २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शाळा कशी असावी, हे स्पष्ट लिहिले आहे : सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. जुन्या शाळांना ही पूर्तता करण्यासाठी तीन वर्षांची मुदत होती. ती ३१ मार्च २०१३ रोजी संपली. निंबोडीचे छत पडले ते त्यानंतर चार वर्षांनी.

आता गंमत पाहा. गंमत कसली, विटंबनाच ती. खासगी शाळेने हे निकष पाळले नाहीत, तर तिची मान्यता काढून घेता येते. मान्यता गेल्यावरही शाळा चालू ठेवली, तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दिवसाला दहा हजार. पण सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या शाळांना अशा मान्यतेची गरजच नाही. जी मुळात घ्यावी लागत नाही, ती काढून कशी घेणार? म्हणजे छडी आहे, पण ती दुसऱ्याच्या पोरासाठी!

बरे, तक्रार करावी म्हटले, तर कायद्याप्रमाणे ती स्थानिक प्राधिकरणाकडे करायची. तीन महिन्यांत निकाल द्यायचा, त्यावर राज्य आयोगाकडे अपील करायचे. खेडेगावात स्थानिक प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद. शाळा तिची, इमारत तिची, शिक्षक तिचे आणि पहिला न्यायनिवाडाही तिचाच. आरोपीनेच न्यायासनावर बसावे, असा हा प्रकार आहे. या साखळीत हाती लागतो तो सर्वांत खालचा माणूस, शिक्षक. कर्तव्यात कसूर केली म्हणून त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. शिक्षकांनी कामचुकारपणा करावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ज्याच्या हाती ना निधी, ना बांधकामाचे अधिकार, त्यालाच पुढे करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

हे आजचे नाही. आपल्याकडच्या शिक्षणाच्या कायद्यांनी फार काळ पालकांनाच धारेवर धरले. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ते फार मोठे पाऊल होते, पण मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला त्यात दंड होता. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा. त्यातही मुले न पाठवणाऱ्या पालकांसाठी शिक्षा होती. मूल शाळेत आले नाही, तर बाप दोषी. शाळाच मुलापर्यंत पोहोचली नाही, तर दोषी कोण, याचे उत्तर कोरेच राहिले. २००९ च्या कायद्याने प्रथमच कर्तव्य सरकारच्या शिरावर टाकले. मात्र कर्तव्य लिहिताना ते मोडल्याची किंमत लिहायला तो विसरला.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हाच प्रश्न मांडला होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली ती आमच्या नगरात, मिस फॅरार यांची शाळा पाहून. म्हणून हा प्रश्न नगरकरांनी तरी विसरू नये.

कारण आज जिल्हा परिषदेच्या शाळेत उरले आहे कोण? अकोल्याच्या डोंगरातली आदिवासी मुले, ऊसतोडीला जाणाऱ्या पाथर्डीकडच्या कुटुंबांची मुले, शेतमजुरांची मुले. ज्यांना ऐपत आहे त्यांची मुले पिवळ्या बसमधून केव्हाच निघून गेली. अधिकारी, पुढारी, पत्रकार, आपण सारेच त्यात आलो. ज्या छताखाली आपले मूल बसत नाही, त्याची गळती आपल्याला दिसत नाही.

यावर उपाय म्हणून सक्त परीक्षा आणि निकालांवर शिक्षा, असे कुणी सुचवतात. अमेरिकेने २००२ पासून तसा कायदा राबवून पाहिला. परीक्षेतील गुणांवर शाळांचे भवितव्य ठरू लागले. अटलांटा शहरात २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमधील १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याचे आढळले. अखेर २०१५ मध्ये त्या देशाने तो कायदा बदलला. आपल्याकडेही पटावर अनुदान आणि शिक्षकांची पदे ठरतात, म्हणून पट फुगवला गेला. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत राज्यभर कागदावरचे विद्यार्थी उघडे पडले. आकड्याला जबाबदार धरले, की आकडाच तेवढा सुधारतो.

मग करायचे काय? औषध याच जिल्ह्यात आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्रात २००२ चा माहिती अधिकार कायदा आला आणि २००५ मध्ये देशाचा. ती माहिती शाळेच्या भिंतीवरच का लावू नये? इमारत कोणत्या साली बांधली, शेवटची तपासणी केव्हा झाली, कोणत्या अभियंत्याने सही केली, दुरुस्तीची मागणी केव्हा गेली आणि कुणाच्या टेबलावर थांबली. पाच ओळींचा फलक पुरे. दुसरे, शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. ‘ही खोली धोक्याची आहे’ असा ठराव या समितीने केला, की ती खोली त्याच दिवशी बंद व्हावी. तिसरे, जिल्हा परिषदेविरुद्धची तक्रार जिल्हा परिषदेने ऐकू नये.

जाब मागितला की मिळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने खासगी शाळांतील गरिबांच्या पंचवीस टक्के जागांना कात्री लावणारा नियम केला. त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

पुढच्या वेळी गावी गेलात, तर आपल्या जुन्या शाळेत डोकावा. मुलांची कवायत नको, भाषणही नको. फक्त वर पाहा. छताला ओल दिसली, तर कुणाची सही आहे ते विचारा. निंबोडीत विचारायला आता फार उशीर झाला आहे.