कोल्ह्याची द्राक्षे

वाइनविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याचे ढोबळमानाने दोन संप्रदाय आहेत. पहिला ‘दारू ती दारूच’ असे म्हणून हात झटकणारा. जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटांतून वाइन विकू देण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा हा संप्रदाय महिनाभर वृत्तपत्रांत गर्जत होता. दुसरा संप्रदाय प्याल्याचा दांडा कोणत्या बोटांत धरावा हे शिकवणारा. पहिल्याशी आमचे भांडण नाही. त्याला चवीचा प्रश्नच पडत नाही. भांडण आहे ते दुसऱ्याशी, आणि अडचण अशी की आम्ही त्याच संप्रदायातले. तेव्हा पुढचे लिखाण घरातली भाऊबंदकी समजून वाचावे.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पाच जण फिंगर लेक्सला गेलो होतो. न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिमेकडील हा सरोवरांचा प्रदेश. हिमनद्यांनी कोरलेली अकरा लांबट सरोवरे उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत. नकाशावर पाहिले तर कुणीतरी ओल्या मातीवर बोटे ओढल्यासारखी. सेनेका हे त्यांतले सर्वांत खोल, सुमारे १८८ मीटर. एवढे पाणी उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यात हळूहळू सोडत राहते आणि काठच्या उतारांवरच्या वेली गोठून मरण्यापासून बऱ्याच अंशी वाचतात. म्हणून तर एवढ्या थंड मुलखात द्राक्ष पिकते. काठाकाठाने वाइनऱ्या आहेत आणि प्रत्येकीत टेस्टिंग रूम. ठरावीक शुल्क भरावे, छापील कागद हाती घ्यावा, त्यातली चार-पाच नावे निवडावीत. काउंटरपलीकडची व्यक्ती प्रत्येकीचे दोन-तीन घोट ओतते आणि काय वाटले ते विचारते.

आमच्यापैकी एक फक्त गाडी चालवण्यापुरता आलेला होता. तीन जण हौशी रसिक. पाचव्या होत्या एका मित्राच्या आई. त्यांना आम्ही सारे काकू म्हणतो. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या. तासगावकडच्या. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड त्यांनी तीस वर्षे सांभाळलेली आहे. ‘मी कशाला तिथं?’ असे एकदा म्हणून झाल्यावर त्याच म्हणाल्या, ‘चला, बाग तरी बघू.’

दुसऱ्या की तिसऱ्या टेस्टिंग रूममधली गोष्ट. आम्ही कोरड्या रिझलिंगवर तुटून पडलो होतो. कुणाला हिरवे सफरचंद सापडले, कुणाला ओला दगड. एकाने ‘पेट्रोल’ म्हटले. जुन्या रिझलिंगला तसा वास खरोखर येतो आणि जाणकार त्याचे कौतुकच करतात, हे मान्य. पण घोटभर वाइन काकूंच्या पुढे गेली तेव्हा त्यांनी हुंगून ‘रॉकेल’ म्हटले आणि आम्ही हसलो. वास तोच. आमच्या शब्दामागे पुस्तके होती; त्यांच्या शब्दामागे रेशनची रांग. मग काकूंनी विचारले, ‘गोड काही आहे का यांच्यात?’ त्यांच्या मुलाने प्रश्न इंग्रजीत पोचवला, पण तसाच नव्हे. आधी त्याने माफी मागितली. आईला वाइनची सवय नाही, असे तो म्हणाला. काउंटरपलीकडची मुलगी समजुतीने हसली, तिचे बोट कागदाच्या अगदी तळाशी गेले आणि आम्ही तिघांनी नजरा आपापल्या प्याल्यात घातल्या.

आमचा सारा वाद त्या माफीशी आहे.

ती कुणाच्या वतीने मागितली गेली? काकूंनी मागितलेली नव्हती. एका माणसाने आपल्याला काय आवडते ते सरळ सांगितले, याबद्दल दुसऱ्याने क्षमा मागितली, आणि तीही जिच्या दुकानाचा गल्ला बहुधा गोड बाटल्यांवरच भरतो तिच्याकडे. (या भागातल्या बऱ्याच वाइनऱ्यांची स्थिती अशीच आहे: पदके कोरड्या रिझलिंगला आणि वीजबिल गोड वाइनच्या पैशातून.) कागदावरची उतरंडही पाहण्याजोगी असते. वर कोरडे, खाली गोड. चव घेण्याच्या क्रमाला त्याचे तांत्रिक कारण आहे. गोडानंतर कोरडे बेचव लागते. पण वर आणि खाली हे शब्द एकदा कागदावर बसले की ते केवळ क्रम राहत नाहीत. आपल्या षड्रसांची मोजणी मधुरापासून सुरू होते. तिथे गोडाला तळघर दिलेले नाही.

आता कुणी म्हणेल की अभिरुची शिकावी लागते. गोड तर लहान मुलालाही कळते. हा युक्तिवाद आम्ही स्वतः अनेकदा केलेला आहे, त्यामुळे त्याची ताकद आम्हाला ठाऊक आहे. पण त्याची परीक्षा त्याच संध्याकाळी झाली. ज्या मित्राने काकूंची माफी मागितली, त्यानेच शेवटच्या वाइनरीत आइस वाइन घेतली. वेलीवरच गोठलेली द्राक्षे पिळून केलेली ही वाइन कागदावरच्या कुठल्याही गोड वाइनपेक्षा कितीतरी गोड असते. बाटली निम्मी, ३७५ मिलीलिटरची, आणि दिवसभरातली सर्वांत महाग. ती घेताना त्याने कुणाची माफी मागितली नाही. आइस वाइनमध्ये गोडीला तोलणारी आम्लता असते म्हणून ती श्रेष्ठ, हे उत्तर बरोबर आहे. पण सकाळी आम्ही हसलो ते आम्लता मोजून हसलो नव्हतो. स्वस्त गोड हा अडाणीपणा, महाग गोड ही दुर्मीळ अनुभूती, एवढाच आमच्या रसिकतेचा हिशेब होता.

हे सगळे जिथे घडले त्या जागेचा इतिहास पाहिला की हसू आपल्यावरच उलटते. हॅमंड्सपोर्टमध्ये विल्यम बॉस्टविक या धर्मोपदेशकाने १८२९मध्ये वेली लावल्या, त्या इझाबेला आणि कटॉबा या अमेरिकी वाणांच्या. पुढे १८४९मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कॉंकर्ड गावी एफ्राइम बुल यांनी रानवेलीच्या बियांतून वाण निवडला आणि त्याला गावाचेच नाव मिळाले. ही सगळी व्हिटिस लॅब्रुस्काची प्रजा. त्या रानद्राक्षाला तिकडे ‘कोल्ह्याचे द्राक्ष’ म्हणतात, आणि त्याच्या दाट, अत्तरासारख्या वासाला वाइनपंडितांनी ‘कोल्हट’ असे विशेषण बहाल केलेले आहे. विशेषण कसले, शिवीच ती. या वासामागचे प्रमुख द्रव्य मिथाइल अँथ्रानिलेट. आपण लहानपणी जी जांभळी गोळी ‘द्राक्षाची’ म्हणून चोखली, तिच्यात ते असते. आपल्याकडे कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागतात; इथे कोल्ह्याची द्राक्षे गोड आहेत आणि नाक मुरडणारे आम्ही.

याच मुलखात कॉन्स्टंटीन फ्रँक १९५१मध्ये येऊन पोचले. ओडेसात शिकलेला द्राक्षतज्ज्ञ, पण जिनिव्हा गावच्या कृषिसंशोधन केंद्रात त्यांना खुरपणीची कामे मिळाली. युरोपीय वेली, म्हणजे व्हिनिफेरा, इथल्या थंडीत जगणार नाहीत असे तिथल्या शहाण्यांचे मत होते. फ्रँक म्हणत, युक्रेनमध्ये याहून कडक थंडीत जगतात. शेवटी शार्ल फूर्निए या शॅम्पेनहून आलेल्या जाणकाराने त्यांना गोल्ड सील कंपनीत जागा दिली, काटक खुंटांवर कलमे बांधली गेली, आणि १९६२मध्ये क्यूका सरोवराच्या काठी फ्रँक यांनी स्वतःची वाइनरी काढली. आज आम्ही जी रिझलिंग हुंगतो ती या हट्टाची देणगी. तिला आम्ही उणे लेखत नाही. ती खरोखर उत्तम आहे. पण हेच फ्रँक संकरित द्राक्षांचे वैरी होते. त्यांची वाइन विषारी असते इथपर्यंत त्यांची मजल जाई. ज्याला खुरपे देऊन कोपऱ्यात बसवले होते, त्याने कोपऱ्यातून उठल्यावर दुसऱ्याला तिथे बसवले. मराठी साहित्यव्यवहार ज्यांनी थोडाबहुत पाहिला आहे त्यांना हे दृश्य अनोळखी वाटू नये.

उलट बाजूला वॉल्टर टेलर. घराण्याच्याच टेलर कंपनीवर, वाइनमध्ये पाणी आणि परराज्यातला माल मिसळता म्हणून, जाहीर टीका केल्यामुळे १९७०मध्ये त्यांना तिथून काढले गेले. त्यांनी बुली हिल काढली आणि संकरित वाणांची बाजू लढवली. १९७७मध्ये कोका-कोलाने टेलर कंपनी विकत घेतली आणि न्यायालयाने वॉल्टर यांना लेबलांवर स्वतःचे आडनाव वापरण्यास मनाई केली. मग त्यांनी बाटल्यांवरचे आपले नाव काळ्या शाईने खोडून त्या तशाच विकल्या. आमच्या मते अमेरिकी लेबलांवर याहून चांगला निबंध क्वचितच लिहिला गेला असेल.

टेस्टिंग रूम ही संस्थाच मुळात रसिकांसाठी जन्मली नाही. मोठ्या कंपन्यांनी द्राक्षखरेदी आखडती घेतल्यावर बागाईतदार अडचणीत आले. १९७६च्या फार्म वाइनरी कायद्याने त्यांना स्वतःची वाइन करून थेट गिऱ्हाइकाला विकण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे हा काउंटर शेतकऱ्याच्या गळ्याशी आलेल्या वेळेतून उभा राहिला. त्याहून मागे गेले तर सेनेका आणि कायूगा ही नावे सरोवरांची नव्हेत, माणसांची आहेत. १७७९मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या आज्ञेवरून जनरल सुलिव्हानच्या फौजेने या लोकांची चाळीसहून अधिक गावे जाळली, मक्याची शेते उद्ध्वस्त केली आणि पीच-सफरचंदांच्या बागा तोडल्या. फळबागा इथे होत्याच, आम्ही ज्यांना ‘वाइनचा परिसर’ म्हणतो त्या उतारांवर. त्या दिवशी आम्हाला दिलेल्या कागदांवर ओला दगड होता, लिंबाची साल होती, हे नव्हते. वाइनमध्ये भूमीची चव उतरते असे जे अहोरात्र सांगतात, त्यांची भूमी नेमक्या किती सालापासून सुरू होते हे विचारायला हरकत नसावी.

काकू मात्र काउंटरपासून केव्हाच बाहेर गेल्या होत्या. त्या वेलींच्या ओळीशी उकिडव्या बसलेल्या सापडल्या. बुंध्याशी एका ठिकाणी मातीची भर घातलेली होती आणि त्यांना कोडे पडले होते. ‘अरे, खुंट आणि कलमाचा जोड मातीत घातलाय यांनी. मुळ्या फुटतील की वरून! विचार बरं.’ मुलाने विचारले. या खेपेस माफी न मागता. काउंटरवरच्या मुलीला उत्तर येईना. तिने आतून एका म्हाताऱ्या गृहस्थाला बोलावले. त्याने सांगितले की हिवाळ्यात जोड गोठून तडकू नये म्हणून भर घालतात आणि वसंतात ती काढून घेतात, नाहीतर तुम्ही म्हणता तेच होते. मग त्याने विचारले, तुमच्याकडे कोणता खुंट? काकू म्हणाल्या, ‘डॉगरिज.’ तो चमकला. टेक्सासकडचा हा रानवेलीचा खुंट. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बागा त्यावर उभ्या असतील. काकूंनी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी सांगितली. वर्षातून दोनदा छाटायचे आणि पीक एकदाच घ्यायचे, हे त्याला पुनःपुन्हा सांगावे लागले. वीस मिनिटे हे चालले. आम्ही तिघे रसिक प्याले धरून उभे होतो आणि संभाषणात घालायला आमच्याजवळ एकही शब्द नव्हता.

परतताना नेपल्स गावाजवळ रस्त्याकडेला कॉंकर्ड विकायला ठेवलेली होती. (या गावाची द्राक्षाची पाय प्रसिद्ध आहे, आम्ही तीही खाल्ली, आणि ज्याला ती अति गोड वाटली त्याने दोन तुकडे खाल्ले.) काकूंनी एक मणी तोंडात टाकला. साल सुटून वेगळी झाली, ती त्यांनी हातावर काढली, आणि म्हणाल्या, ‘ही तर आपली बंगळुरी काळी!’

आम्ही पुन्हा हसलो. घरी आल्यावर पुस्तके काढली. बंगलोर ब्ल्यू हे इझाबेलाच्या गोत्रातले द्राक्ष, लॅब्रुस्काच्या रक्ताचे. गोव्यातली गोड ‘पोर्ट’, जिच्या नावाने आम्ही वर्षानुवर्षे नाक मुरडत आलो, ती मुख्यतः त्याचीच. आणि इझाबेला म्हणजे बॉस्टविकने १८२९मध्ये त्या सरोवरकाठी लावलेली वेल. सबंध दिवसात आम्ही चौदा वाइन चाखल्या, कागदाच्या मागे शेरे लिहिले, एकमेकांचे शेरे खोडून काढले. ते कागद अजून आहेत. त्यांवर ‘ओला दगड’ सहा ठिकाणी आहे. काकूंचे वाक्य कुणीच लिहून घेतले नव्हते. ते आम्ही आज इथे लिहीत आहोत.

काकू डिसेंबरात तासगावला परतल्या. आइस वाइनची बाटली मित्राच्या फ्रिजमध्ये तशीच आहे; ती उघडण्याजोगा प्रसंग अजून आलेला नाही, असे तो सांगतो.