अंगणातील जुना वृक्ष

कळवणास जुनी धाब्याची घरे जाऊन सिमेंटची घरे उभी राहत आहेत. अशा वेळी अंगणातील मोठा कडुनिंब बहुधा राखला जातो. त्यावर कुऱ्हाड चालविण्यास घरधन्याचे मन धजत नाही. परंतु काही वर्षांतच तो शेंड्याकडून वाळू लागतो आणि ‘त्याचे वय झाले’ असे म्हणून घरची माणसे मोकळी होतात. वस्तुतः कडुनिंब १०० वर्षांहूनही अधिक जगू शकतो. अंगण स्वच्छ दिसावे म्हणून बुंध्यापर्यंत घातलेले काँक्रीटच पुष्कळदा त्याचा घात करते.

झाडाची मुळे केवळ खोल जातात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक जमिनीच्या वरच्या हात-सव्वा हाताच्या थरात असतात व फांद्यांच्या विस्तारापलीकडेही पसरतात. त्यांना पाण्याप्रमाणेच हवाही लागते. कांद्याने भरलेला ट्रॅक्टर चाळीकडे नेताना नित्य झाडाखालून गेला, तरी माती दगडासारखी घट्ट होते. मग काँक्रीटची गोष्ट काय सांगावी! पार बांधून त्यात मातीची भर घालणे हीही अशीच एक हौस. पार ही गावाची शोभा खरी, परंतु बुंध्याला सदैव ओली माती लागून राहिली, की साल कुजते.

बुंध्याभोवती निदान पाच-सहा हात जमीन उघडी ठेवावी, गळलेला पाला न जाळता तेथेच पसरावा आणि उन्हाळ्यात पाणी फांद्यांच्या टोकांखाली घालावे. वाळलेली फांदी छपरावर येत असेल, तर ती अवश्य काढावी; मात्र आधी खालून खाच घ्यावी, म्हणजे साल खोडापर्यंत सोलून निघत नाही. ढोली पडली म्हणून झाड धोक्याचेच ठरते असे नव्हे. खोडाचा जिवंत भाग सालीलगत असतो. गाभा पोकळ होऊनही झाड वर्षानुवर्षे उभे राहते, आणि ढोलीतला पिंगळा चाळीजवळचे उंदीर टिपतो.

महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोडीविषयीच्या कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे आहेत. पण स्वतःच्या अंगणात फरशी घालताना परवानगी विचारावयास कोण जातो? दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवतालचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास द्यावा लागला. कळवणच्या अंगणात तेच काम एका पहारीने होण्यासारखे आहे. मृगापूर्वी केले, तर पहिल्याच पावसाचे पाणी मुळांना मिळेल.