गुऱ्हाळाच्या चुलवाणातील झिजलेल्या विटा

गुऱ्हाळाचा हंगाम तोट्यात गेला म्हणजे त्याचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा, हे आपल्याकडे जणू ठरूनच गेले आहे. रस पातळ होता, गुळव्या नवखा होता, जाळ घालणारा गडी झोपाळू होता, चिपाडे ओली होती. या गोष्टी पुष्कळदा खऱ्याही असतात. परंतु काहील उचलून चुलवाणात स्वतः उतरलेला व आतील विटा हाताने चाचपलेला मालक विरळा. चिपाड पुरत नाही ही जी नित्याची तक्रार, तिचे मूळ बऱ्याच ठिकाणी त्या विटांतच सापडेल, असे आमचे मत आहे.

हिशेब सोपा आहे. एक टन उसाचा सहा-साडेसहा क्विंटल रस निघतो आणि त्याचा गूळ पडतो सुमारे एक क्विंटल. बाकीचे पाच क्विंटलांहून अधिक पाणी जाळाने उडवावयाचे असते. आतील भिंत धड असेल तर उष्णता तिच्यावरून परतून काहिलीच्या बुडास लागते. विटा झिजून सांधे मोकळे झाले, की ती मातीत मुरते आणि भेगांतून थंड वारा आत शिरतो. रस ताटकळत शिजतो, साखर फुटते व गूळ काळवंडतो. मग चिपाडावर पाचट, पाचटावर बाभळीची लाकडे, आणि कोठे कोठे तर जुने टायर व प्लास्टिकसुद्धा चुलीत जाते. खावयाच्या जिनसाखाली असला जाळ करणाऱ्यास काय म्हणावे? पाचट जे जळते तेही फुकटचे नव्हे. ते उसाच्या सरीत पसरले असते तर ओल राखली असती व कुजून जमिनीस लागले असते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. काहिलीचा काठ ज्या थरावर टेकतो तो थर खचला तर उकळता रस भोवतालच्या माणसांच्या अंगावर येतो. पाक शेवटी ११६ ते ११८ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि कातडीस चिकटून राहतो. विटांच्या दोन रांगांसाठी गड्याचे हातपाय पणास लावणे हे कोणत्या काटकसरीत बसते?

विटा झिजतात त्याचे कारण राखेत आहे. चिपाड-पाचटाच्या राखेत पोटॅशचा अंश असतो. तो लाल आचेत विटेशी मिळून काचेसारखा थर धरतो आणि तो थर विटेचा पापुद्रा घेऊन गळून पडतो. दुसरे कारण आपणच निर्माण करतो. रात्री घाईने विस्तव विझविण्यासाठी तापल्या भिंतीवर पाण्याची बादली ओततात. त्याने वीट तडकते.

पाहणी दिवाळीपूर्वी, चुलवाण पूर्ण थंड असताना करावी. चावडीत बसून लिहिलेली पीकपाहणी जितकी खरी, तितकीच बाहेरून वाकून केलेली ही पाहणी खरी, हे आमच्या महसुली कारकिर्दीने आम्हांस पुरते शिकविले आहे. राख काढून, बॅटरी घेऊन आत उतरावे व प्रत्येक विटेवर लहान हातोडीने हलके ठोकावे. खणखणीत आवाज आला तर वीट चांगली. बद्द आवाज आला तर ती आतून फुटलेली. केसाएवढ्या चिरेची धास्ती नको. वीट हाताने चुरत असेल, निम्मी झिजली असेल, किंवा हलत असेल, तर मात्र ती काढावीच. तोंडाची कमान व काहिलीखालचा थर यांवर विशेष नजर ठेवावी.

बदलताना घराची लाल वीट घालू नये. घालावयाची ती भट्टीची, फिकट पिवळसर, वजनास जड अशी अग्निमातीची वीट. सिमेंटने ती जोडणे म्हणजे पैसे चुलीत घालणे. सिमेंट त्या आचेत भुसभुशीत होते. अग्निमातीचाच पातळ गारा करून सांधा होईल तितका बारीक ठेवावा. जोडणी दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावी. मग एक दिवस केवळ मंद धग, दुसऱ्या दिवशी थोडी अधिक, आणि त्यानंतरच काहील चढवावी.

आमच्या उमरखेड-महागाव भागात हळदही काहिलीत शिजवितात. तेथे पाण्याची उकळी तास-पाऊण तास टिकली म्हणजे काम झाले, आणि चूल वर्षातून थोडे दिवसच पेटते. तिच्यासाठी महाग विटा आणाव्यात असे आम्ही म्हणणार नाही; साधी वीट व मातीचा गिलावा पुरे. उगाच खर्च वाढविणारा सल्ला देणारे पुष्कळ आहेत.

राहता राहिला भाड्याच्या गुऱ्हाळाचा प्रश्न. मालक म्हणतो, जाळ तुमचा; भाडेकरी म्हणतो, भिंत तुमची; आणि विटा तशाच राहतात. भाडेचिठ्ठीत एक ओळ वाढवावी: हंगामापूर्वी उभयतांनी आत उतरून विटा पाहिल्या, इतक्या बदलल्या, पुढील दुरुस्तीचा खर्च अमक्याचा. खाली तारीख व दोघांच्या सह्या असाव्यात.