विश्लेषण : यंदा किती पुस्तके वाचली? वाचनाची नोंद हवी, पण आकड्याची शर्यत का नको?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर पुस्तकांच्या मुखपृष्ठांच्या चौकटी दिसू लागतात. ‘यंदा ५२’, ‘टार्गेट ४०, पूर्ण ४३’ अशा ओळी त्यावर असतात. आठवडाभरात नव्या वर्षाचे टार्गेटही ठरते. वर्षभराच्या वाचनाची नोंद ठेवणे ही सवय चांगलीच आहे. मात्र या नोंदीची हळूहळू मोजणी झाली आणि वाचकाच्या हाती शेवटी काय उरले, हा प्रश्न बाजूला पडला. वाचनाची नोंद कशासाठी ठेवायची, कुठे ठेवायची आणि तिच्यात काय लिहायचे, याचा हा आढावा.

नोंद ठेवण्याची पद्धत नवी आहे का?

अजिबात नाही. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने वाचलेल्या मजकुराच्या टिपणवहीची सूची कशी करावी, याची पद्धत १६८६ मध्ये प्रसिद्ध केली होती. विषयाचे पहिले अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर यांवरून वहीतले पान शोधायचे, अशी ती सोपी रचना होती. चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० या काळात वाचनाच्या वह्या ठेवल्या. ‘वाचायची पुस्तके’ आणि ‘वाचलेली पुस्तके’ अशा त्याच्या दोन याद्या होत्या. एखादे पुस्तक नुसतेच चाळले असेल, तर तसेही तो लिहून ठेवत असे. अमेरिकी गायक आर्ट गारफंकल याने १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी ठेवली असून ती त्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

मराठी वाचकाची नोंद बराच काळ वाचनालयाने ठेवली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. गावोगावच्या वाचनालयांत सभासदाच्या कार्डावर पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि तारीख पडत असे. कार्ड भरले की दुसरे मिळे. ती त्या माणसाच्या वाचनाची रोजनिशीच होती, फक्त ती त्याच्या घरी नव्हती. जिथे संगणक आला तिथे कार्ड गेले. ज्याने वर्गणी बंद केली, त्याच्या हाती त्या वाचनाचा कागद उरला नाही.

टार्गेट कुठून आले?

‘गुडरीड्स’ हे संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झाले. २०११ मध्ये त्यावर वार्षिक वाचन आव्हान आले आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी विकत घेतली. आव्हान साधे आहे. वर्षाच्या सुरुवातीला एक आकडा टाकायचा. पुस्तक ‘वाचले’ म्हणून नोंदवले की आकडा एकाने वाढतो आणि आपण वेळापत्रकाच्या पुढे आहोत की मागे, ते स्क्रीनवर दिसते.

यामागे काही कट नाही. ॲपला वाचकाविषयी फार थोडे कळते. पुस्तक कधी सुरू केले, कधी संपवले आणि किती तारे दिले, एवढेच त्याच्या हाती लागते. त्यातून दाखवण्यासारखी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे बेरीज. अडचण ॲप बेरीज दाखवते तिथे नाही. वाचक त्या बेरजेलाच आपले वाचन समजू लागतो, तिथे ती सुरू होते.

टार्गेटमुळे वाचन खरेच बिघडते का?

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडले होते. एखाद्या मोजमापाचेच लक्ष्य केले की ते मोजमाप भरवशाचे राहत नाही, असा त्याचा सोपा अर्थ. शाळेचा निकाल, कॉल सेंटरमधील कॉलची संख्या, घड्याळावरची १० हजार पावले, सगळीकडे हे दिसते. वाचनही त्याला अपवाद नाही.

एक साधा हिशेब करून पाहावा. रोज २० पाने वाचणारा माणूस वर्षाला ७,३०० पाने वाचतो. त्याने दीडशे पानांची पुस्तके निवडली तर वर्षाअखेर आकडा ४८ होतो. सहाशे पानांची निवडली तर १२. माणूस तोच, रोज दिलेला वेळ तोच, पण पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याला ‘यंदा कमीच झाले’ असे वाटते. मग पुढच्या वर्षी जाड कादंबरी, दोन खंडांतले चरित्र किंवा सावकाश वाचावा लागणारा इतिहासाचा ग्रंथ आपोआप मागे पडतो. नोव्हेंबरमध्ये पातळ पुस्तकांची शोधाशोध सुरू होते. कवितासंग्रह तासाभरात ‘संपवला’ जातो. न आवडलेले पुस्तक केवळ १७० पाने झाली म्हणून शेवटपर्यंत ओढले जाते, कारण अर्धवट सोडले तर आकडा वाढत नाही. पूर्वी वाचलेले आवडते पुस्तक पुन्हा हाती घेणे तर वेळेचा अपव्ययच वाटू लागतो.

टार्गेटच्या बाजूनेही बोलायला हवे. ज्याची वाचनाची सवय नोकरी, प्रवास आणि मोबाइलमध्ये सुटली आहे, त्याला ‘महिन्याला एक पुस्तक’ हे बंधन उपयोगी पडते. सायकल शिकताना मागच्या चाकाला लावलेल्या छोट्या चाकांसारखा त्याचा आधार होतो. पण तोल सावरल्यावर ती चाके काढायची असतात. ४० वरून ५० आणि ५० वरून ६० असे करत राहिले, तर सवय लागण्याऐवजी धाप लागते.

मराठी वाचकाची वेगळी अडचण कोणती?

ही ॲप पुस्तक ओळखतात ते मुख्यतः आयएसबीएन क्रमांकावरून. ही पद्धत १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि २००७ पासून क्रमांक १० ऐवजी १३ अंकी झाला. आपल्याकडील वाचनालयांच्या कपाटांतली कितीतरी जुनी मराठी पुस्तके त्याआधीची आहेत किंवा त्यांच्यावर असा क्रमांकच नाही. बारकोड स्कॅन करावा तर बारकोड नाही. मग नावाने शोध घ्यावा लागतो आणि तिथे लिपी आडवी येते. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ शोधताना ‘मृ’ हे अक्षर रोमन लिपीत कुणी ‘आर’नंतर ‘यू’ घालून लिहिलेले असते, तर कुणी ‘आय’ घालून. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन नोंदी सापडतात किंवा एकही सापडत नाही. सगळी माहिती हाताने भरण्याचा कंटाळा येतो आणि ते पुस्तक नोंदीतून गळते. वर्षाअखेरीच्या चौकटीत इंग्रजी मुखपृष्ठे जास्त दिसतात, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

दिवाळी अंकांचे तर आणखी अवघड. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून मराठी घरांत ऑक्टोबर-नोव्हेंबरचे वाचन म्हणजे दिवाळी अंक. चार अंक नीट वाचले तर एका मोठ्या कादंबरीहून अधिक पाने होतात. पण ॲपच्या हिशेबात ते पुस्तक नाही. कथा, दीर्घ लेख, मुलाखती असे महिनाभराचे कसदार वाचन करणारा माणूस आकड्याने मात्र ‘मागे’ पडलेला दिसतो.

यादीत नसलेले पुस्तक पुढच्या पिढीला सापडत नाही, हे मराठीत फार पूर्वी ओळखले गेले होते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ग्रंथसूची तयार केली. ‘दाते सूची’ या नावाने ओळखला जाणारा तो ग्रंथ आजही अभ्यासकांच्या कामाचा आहे. एका वाचकाची वही इतकी मोठी असायचे कारण नाही. पण आपण वाचलेले मराठी पुस्तक निदान आपल्या यादीत असायला हवे, ही अपेक्षा जास्त नाही.

ॲप बंद पडले तर काय?

‘शेल्फारी’ हे वाचकांचे असेच लोकप्रिय संकेतस्थळ होते. ॲमेझॉनने ते २००८ मध्ये घेतले आणि २०१६ मध्ये बंद केले. वापरकर्त्यांना आपल्या याद्या गुडरीड्सवर न्याव्या लागल्या. गुडरीड्सनेही डिसेंबर २०२० पासून बाहेरच्या प्रोग्रामरना आपला डेटा वापरण्यासाठी नव्या परवानग्या देणे थांबवले. कंपनीचे धोरण कधीही बदलू शकते आणि पाच-दहा वर्षांची नोंद दुसऱ्याच्या सर्व्हरवर पडून असते, हे विसरून चालत नाही.

उपाय अवघड नाही. गुडरीड्समधून आपली संपूर्ण यादी सीएसव्ही फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. नादिया ओडुनायो या ब्रिटिश प्रोग्रामरने उभारलेल्या ‘स्टोरीग्राफ’वर आणि २००५ पासून चालणाऱ्या ‘लायब्ररीथिंग’वर हीच फाइल चढवताही येते. मराठी नावे असलेली फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास काही वेळा अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसतात. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून ती आत घेताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा किंवा फाइल गुगल शीट्समध्ये उघडावी. वर्षातून एकदा ही फाइल उतरवून स्वतःला ईमेल करून ठेवली तरी पुरे.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा. माणूस काय वाचतो यावरून त्याचा आजार, त्याची राजकीय मते, त्याच्या घरातले प्रश्न यांचा अंदाज येतो. अमेरिकेत २००१ च्या पॅट्रियट कायद्यानंतर तपास यंत्रणा ग्रंथालयांकडून वाचकांच्या नोंदी मागतील, या भीतीने काही ग्रंथालयांनी त्या नोंदी नष्ट करण्याचा मार्ग धरला होता. आपण मात्र तीच माहिती आपणहून जाहीर करतो. प्रोफाइल कुणाकुणाला दिसते, हे सेटिंगमध्ये जाऊन एकदा तरी तपासावे.

मग नोंद ठेवायची कशी?

शंभर पानी वही, फोनमधील नोट्स किंवा गुगल शीट, काहीही चालेल. पुस्तकाचे नाव, लेखक आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव लिहावे. पुस्तक कधी हाती घेतले आणि कधी ठेवले, त्या तारखा लिहाव्यात. ते विकत घेतले, वाचनालयातून आणले की कुणाकडून मागून आणले, हेही लिहावे. मागून आणलेले पुस्तक परत करायचे राहून गेल्याचे या एका रकान्यामुळे लक्षात येते, हा वरचा फायदा. दिवाळी अंकातील आवडलेला लेख, ऑडिओबुक, दुसऱ्यांदा वाचलेले पुस्तक, सगळ्याला स्वतंत्र ओळ द्यावी.

सर्वांत महत्त्वाचे दोन रकाने ॲप मागत नाही. पहिला, पुस्तक अर्धवट सोडले असेल तर कोणत्या पानावर आणि का. ‘भाषा जड वाटली’, ‘परीक्षा आली’, ‘पटले नाही’, तीन शब्द पुरतात. दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा समोर आले तर घ्यायचे की नाही, हे त्यावरून ठरते. दुसरा रकाना एका वाक्याचा : या पुस्तकातले काय लक्षात ठेवायचे आहे? ‘छान होते’ या शेऱ्याचा वर्षभराने काही उपयोग नसतो. ‘गिरणी संपाच्या काळातले घरखर्चाचे हिशेब, पान ८४’ असे लिहिले असेल तर ते पान पुन्हा उघडता येते.

एवढे लिहिण्यात वाचनाची मजा जाते, असा आक्षेप घेतला जातो. पुस्तक संपल्यावर दोन मिनिटे लागतात, त्यापेक्षा जास्त वेळ तारे किती द्यायचे याचा विचार करण्यात आणि फोटो काढण्यात जातो. ज्याला तेवढेही नको, त्याने नुसते नाव आणि तारीख लिहावी. रिकामा रकाना हा गुन्हा नाही.

वर्षाअखेरीला काय पाहावे?

बेरीज शेवटी करावी. आधी यादी वरून खाली वाचावी. कोणत्या नावापाशी काहीच आठवत नाही? वर्षात स्त्री लेखकांची पुस्तके किती आली? मराठी, हिंदी, इंग्रजी यांचे प्रमाण काय? अनुवादातून कोणत्या भाषा आल्या? एकाच विषयाची पाच पुस्तके सलग वाचली असतील तर सहावे नको का, किंवा मुद्दाम तेच हवे का? एप्रिल-मे कोरा असेल तर तेव्हा काय चालले होते? या प्रश्नांतून पुढचे पुस्तक निवडायला मदत होते आणि नोंदीचे खरे काम तेच आहे. ५२ या आकड्यातून यातले काहीही कळत नाही.

वर्षाला सहाच पुस्तके वाचणाऱ्या माणसाला त्या सहांबद्दल नीट बोलता येत असेल, तर त्याने कुणाच्या चौकटीकडे पाहून खजील होण्याचे कारण नाही. वही जानेवारीच्या एक तारखेलाच सुरू व्हायला हवी, असाही नियम नाही. उशीपाशी अर्धे वाचून उपडे ठेवलेले पुस्तक असेल, तर त्याचे नाव आणि पान क्रमांक ही पहिली नोंद होऊ शकते.