आधी सण, मग अक्षर

अल्पसंख्य समाजाने आपल्या मुलांना आपली धर्मभाषा आणि आपले सणवार कसे शिकवावेत, हा त्या समाजाचा खाजगी मामला असून इतरांनी त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन नाही, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. बेने इस्राएल या यहुदी समाजापुरती तरी ती मला ग्राह्य वाटत नाही. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा शिरस्ता मोडला नाही म्हणून ज्याला गावाने ‘शनिवार तेली’ हे नाव दिले, ज्याने पेण, रोहे, किहीम, नवगाव अशा गावांची नावे आपल्या आडनावांत जतन केली आणि मराठी हीच आपली मायबोली मानली, त्या समाजातील मुलाने हिब्रू कशी शिकावी हा प्रश्न मराठीच्या इतिहासाचाही प्रश्न आहे. आज हा समाज भारतात काही हजारांवर आला आहे. मुंबई-ठाण्यात त्याची वस्ती त्यातल्या त्यात बरी असली, तरी अलिबाग-रेवदंड्याकडे सार्वजनिक उपासनेस आवश्यक असे दहा प्रौढ पुरुष जमवणेही दुर्घट होऊन बसते. या परिस्थितीत लहान मुलांच्या शिक्षणाविषयी माझे म्हणणे थोडक्यात असे, की त्याचा आरंभ घरातल्या सणापासून व्हावा, अक्षर सणाच्या मागून यावे, आणि या दोहोंना जोडणारी भाषा मराठीच असावी.

हा क्रम मी मनाने ठरवलेला नाही; या समाजाच्या इतिहासानेच तो घालून दिला आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असे बेने इस्राएल परंपरेने मानतात. धर्मग्रंथ नाहीसे झाले, हिब्रू विस्मृतीत गेली, ‘शेमा’ ही एकेश्वराची घोषणा तेवढी ओठांवर राहिली. परंतु शब्बाथचा विसावा, सुंता, भक्ष्याभक्ष्याचे नियम आणि सण मात्र टिकले, आणि ते टिकले ते मराठी नावांनी. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. नव्या धान्याची खीर शिजवून शेमा म्हणायचा तो खिरीचा सण. योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, तो दारफळणीचा सण. त्या दिवशी कुटुंबाने शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून, दिवसभर निरशन राहून आत बसावे, बाहेरच्याशी बोलूही नये, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण पाळून दानधर्म करावा, आप्तांच्या भेटी घ्याव्यात, अशी जुनी रीत होती. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळायचा तो बिरड्याचा सण. त्या दिवशी केळीच्या पानावर मोड आलेल्या वालांचे बिरडे खायचे. हनुक्का मात्र या यादीत नव्हता, कारण तो ज्या घटनेवरून सुरू झाला तिच्यापूर्वीच आपले पूर्वज मायभूमी सोडून निघाले होते, असे त्याचे कारण सांगितले जाते. तो पुढे शिकून घेतला. ज्या मुलाला एकही हिब्रू अक्षर ठाऊक नव्हते, त्यालाही आज दार का उघडायचे नाही आणि आज ताटात मांस का नाही, हे ठाऊक होते. अक्षरांवाचून शतके लोटली तरी धर्म उरला, तो या घरगुती ज्ञानाच्या बळावर.

पुढे अक्षर आले, तेही मराठीच्या हाताला धरून. परंपरा हिब्रू शिक्षणाच्या या पुनरुज्जीवनाचे श्रेय दाविद रहाबी यास देते, आणि कोचीनच्या यहुदी शिक्षकांचा त्यातला वाटा मोठा आहे. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. पुढे प्रत्येक सिनेगॉगाभोवती मुकादम, चौगुला, गबाई, हज्जान अशी हिब्रू आणि देशी अधिकारपदांची एकत्र व्यवस्था उभी राहिली. १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरे, परंतु बेने इस्राएलांनी त्यातून भाषा तेवढी उचलली आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ साली पेसाह या सणाच्या रात्री वाचायचा ‘हागादा’ मराठी भाषांतरासह मुंबईत निघाला. १८७४ साली पुण्यास त्याची सचित्र आवृत्ती निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळून प्रार्थनाग्रंथांमागून प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि हाईम सॅम्युअल केहीमकरांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत इस्राएली मुलांची शाळा सुरू झाली. या पुरुषांपैकी कोणालाही हिब्रूच्या प्रतिष्ठेसाठी मराठी दूर सारण्याची गरज भासली नाही, ही गोष्ट आजच्या शिक्षकांनी विसरू नये.

लहान मुलाला शिकवण्याची उत्तम रीत पेसाहच्या सणात आयतीच सापडते. मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेची कथा पित्याने पुत्राला सांगावी, अशी तोराची, म्हणजे मूळ धर्मग्रंथाची, आज्ञा आहे. परंतु त्या रात्रीचे कथन पित्याच्या प्रवचनाने सुरू होत नाही, घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या प्रश्नांनी सुरू होते. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आज फुगलेली भाकर का नाही, कडू पाला कशासाठी, हे त्याने विचारल्यावाचून वडीलमंडळींना कथेला हात घालता येत नाही. शिवाय तबकातली प्रत्येक वस्तू प्रश्न विचारला जावा अशाच बेताने मांडलेली असते: दास्याचे दुःख सांगणारा कडू पाला, विटांच्या चिखलाची आठवण देणारा खजुराचा गोड लगदा, अश्रूंचे खारे पाणी. बेखमीर भाकरीचे, म्हणजे मात्झाचे, पीठ पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून निघावे लागते. ती घाई डोळ्यांदेखत पाहिलेल्या मुलाला, पूर्वजांना पीठ फुगण्याइतकीही सवड मिळाली नव्हती, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुण्याच्या हागाद्यात मात्झा करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दाखवल्या आहेत. चित्रकाराने मिसरची कथा मराठी स्वयंपाकघरात आणून बसवली, आणि मुलाच्या दृष्टीने ती तिथेच खरी झाली.

हीच दृष्टी वर्षभर ठेवता येते. शुक्रवारी संध्याकाळी किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या आरंभी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, कोकणातल्या घरांत द्राक्षमद्याऐवजी काळ्या मनुकांचे सरबत करण्याची चाल आहे. मनुका भिजत घालणे, कुस्करणे आणि गाळणे ही कामे पाच वर्षांच्या मुलाच्या हाताजोगती आहेत. ती त्याच्याकडे सोपवावीत, आणि ज्या पेल्यात ते सरबत ओतायचे त्या पेल्यावरचा आशीर्वाद त्याच वेळी शब्दाशब्दाने शिकवावा. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक नारळाच्या दुधात आटवायचा, थापायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या, हे काम दीर्घ वेळ चालते, आणि तेवढ्या वेळात कढईपाशी उभे असलेले मूल गाईचे दूध का नको, असे विचारल्याशिवाय राहत नाही. सणाच्या जेवणात मांस असते आणि मांसाबरोबर दूध वर्ज्य आहे, हा कोशेरचा नियम त्याला तिथे कळला म्हणजे जन्मभर पुरतो.

अक्षरांची पाळी आली म्हणजे मराठी मुलाजवळ जे आधीपासून आहे त्याचा उपयोग करून घ्यावा. हिब्रूची २२ अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहायची. त्यांतली पाच शब्दाच्या अंती रूप बदलतात. स्वर अक्षरांत नसून बहुधा त्यांच्याखाली टिंबारेघांनी दाखवले जातात, आणि ज्याला उकार अक्षराखाली जोडण्याची सवय आहे त्या मुलाला ही रचना मुळीच परकी वाटत नाही. एकाच अक्षरावर उजवीकडे टिंब दिले की ‘श’ आणि डावीकडे दिले की ‘स’, ही गंमत मुलांच्या तत्काळ ध्यानात येते. बाराखडीच्या चालीवर प्रत्येक अक्षर सर्व स्वरांसह म्हणवून घेतले तर थोड्या महिन्यांत स्वरचिन्हांकित प्रार्थना वाचता येऊ लागावी. अनेक घरांत आज प्रार्थना देवनागरी लिप्यंतरावरून म्हटल्या जातात. ज्येष्ठांसाठी ती सोय राहू द्यावी. मुलांना मात्र तिच्यावर थांबवू नये, कारण घशातला ‘हेत’ देवनागरीत नीट उतरत नाही, आणि मूळ लिपी न येणाऱ्याला तोराच्या गुंडाळीसमोर जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. हिब्रू पुन्हा जिवंत झाली ती हिब्रूतूनच शिकवल्यामुळे. पॅलेस्टाइनमधील रिशोन लेझियोन या यहुदी वसाहतीत १८८६ साली हिब्रू शाळा आणि १८९८ साली हिब्रू बालवाडी निघाली, आणि त्या बालकांनीच ती भाषा घरोघर नेली. मग मराठीची मध्यस्थी कशाला? उत्तर असे, की तिथे नाना देशांतून आलेल्या, नाना भाषा बोलणाऱ्या लोकांना एका भाषेची निकड होती. ठाण्याच्या किंवा पनवेलच्या घराला भाषेची उणीव नाही. आजी मराठी बोलते, सण मराठी नावाने येतो. तिथे मराठीला उंबऱ्याबाहेर ठेवणे म्हणजे सण सांगणाऱ्या आजीलाच वर्गाबाहेर ठेवणे होय. इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएलांच्या नातवंडांना आज हिब्रू अस्खलित येते. तरीही ‘मायबोली’सारखे मराठी नियतकालिक तिथल्या ज्येष्ठांना चालवावेसे वाटले, याचे कारण नुसत्या हिब्रूतून आजीचा बिरड्याचा सण नातवापर्यंत पोचत नाही, हेच असले पाहिजे.

म्हणून काही गोष्टी त्वरित हाती घेतल्या पाहिजेत. समाजातील शिक्षित आई-बापांनी प्रत्येक सणासाठी मुलाने करायचे एक काम, विचारायचा एक प्रश्न आणि शिकायची चार अक्षरे, अशी वर्षभराची मराठी पुस्तिका सिद्ध करावी. जिथे शिक्षक पोचत नाही तिथे ती पोचेल. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तो दाखल्यापुरता न ठेवता, एकोणिसाव्या शतकातील दुर्मिळ हिब्रू-मराठी ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाची तरतूद शासनाने करावी. आणि आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत दिवाळी, ईद आणि नाताळ यांच्या शेजारी दारफळणी आणि पेसाह यांनाही जागा मिळावी, म्हणजे वर्गातील एकुलत्या एका बेने इस्राएल मुलाला आपला सण प्रत्येक वेळी शेजाऱ्याला पहिल्यापासून समजावून सांगण्याची पाळी येणार नाही. हिब्रूच्या पाठांतराने मूल विद्वान होईल. परंतु आपण कोण, कोठून आलो आणि हा दिवस इतरांहून निराळा का, हे ज्याला आपल्या मायबोलीत विचारता येते आणि ज्याला घरचे वडील मायबोलीत उत्तर देऊ शकतात, तेच मूल ही परंपरा पुढच्या पिढीच्या हाती देण्याइतके समर्थ होईल.